सॉलिड सरफेसचा ओटा कोकणात कसा बसवावा? शीट, सांधे, शेगडी आणि खारी हवा

चिरेबंदी
नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत जांभ्याचं घर आहे. स्वयंपाकघर नव्याने करायचंय. ओटा एल आकाराचा: लांब बाजू १० फूट, आखूड बाजू ७ फूट, रुंदी २४ इंच. सध्याचा कडप्पा निघणार. वर ॲक्रिलिक सॉलिड सरफेस लावायचा विचार आहे (दुकानात सगळे सरसकट कोरियन, म्हणजे Corian या ब्रँडच्या नावाने ओळखतात तेच). सिंकपाशी सांधा दिसत नाही, ग्रॅनाइटच्या जोडात बसते तशी काळी रेघ बसत नाही, म्हणून हे आवडलं.
सुताराचं म्हणणं असं, की खाली अख्खा प्लाय टाकायचा, त्यावर रबर सोल्यूशनने शीट चिकटवायची, कोपऱ्यात ४५ अंशांचा सांधा मारायचा आणि गणपतीआधी चावी हातात. हे बरोबर आहे का? आणि इथल्या दमट, खाऱ्या हवेत हा माल टिकेल का? रोजच्या वापरात बिडाचा तवा, कुकर, मासे, नारळ, सगळं आहे.

सोलकढी
वाचतेय. आमच्याकडेही हाच विषय चालू आहे.

रंधापटाशी
ताई, माल टिकेल. सुतार सांगतोय तसा बसवलात तर मात्र टिकणार नाही. तिन्ही गोष्टी बदलायला सांगा: अख्खा प्लाय नको, रबर सोल्यूशन नको, ४५ अंशांचा सांधा नको. हे तिन्ही ग्रॅनाइट आणि सनमायक्याच्या कामातून आलेले हात आहेत. या शीटचा स्वभाव वेगळा.
ही शीट म्हणजे साधारण एक तृतीयांश ॲक्रिलिक आणि दोन तृतीयांश ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेट नावाची पांढरी खनिज भुकटी. डूपाँटने १९६७ मध्ये पहिल्यांदा काढली. आता बऱ्याच कंपन्या बनवतात. आतून-बाहेरून एकच रंग, छिद्रं नाहीत, म्हणून पाणी आणि माशाचा वास आत जात नाही. पण ॲक्रिलिक असल्यामुळे ती उष्णतेने वाढते. ३ मीटर लांबीला २५ अंशांचा फरक पडला की अडीच मिलिमीटरच्या आसपास हालचाल. तिला हलायला जागा दिली नाही, तर ती स्वतःच जागा करून घेते, म्हणजे तडकते.
म्हणून भिंतीकडे प्रत्येक बाजूला एक सूत (३ मिमी) जागा सोडायची. वरून मागची पट्टी येते, त्यामुळे ती फट दिसत नाही.

बाराइंची
अख्खा प्लाय का नको ते नीट सांगा हो. नाहीतर सुतार म्हणेल, "आधार कमी केला की शीट वाकेल."

रंधापटाशी
दोन कारणं. एक, वरून गरम भांडं ठेवलं की उष्णता शीटमधून खाली जायला हवी. खाली प्लाय चिकटून असला की ती तिथेच कोंडते आणि त्या ठिपक्याएवढी शीट फुगायला बघते, बाजूची गार शीट तिला धरून ठेवते. दुसरं, पावसाळ्यात प्लाय ओल धरून फुगतो, मार्चमध्ये सुकतो. रबर सोल्यूशनने पूर्ण चिकटवलेली शीट त्याच्याबरोबर ओढली जाते.
बरोबर पद्धत अशी: १८ मिमी प्लायच्या ७५ ते १०० मिमी रुंद पट्ट्यांची चौकट. पुढे एक, मागे एक, आणि आडव्या पट्ट्या दर ६०० मिमीच्या आत. सिंकच्या दोन्ही बाजूंना आणि प्रत्येक सांध्याखाली आडवी पट्टी हवीच. चौकट लेव्हलला आणायची. लांब पट्टी ठेवून कुठेही १ मिमीपेक्षा जास्त उजेड दिसता कामा नये, दिसला तर तिथे पॅकिंग. मग त्या चौकटीवर दर २०० ते ३०० मिमीला सिलिकॉनचे ठिपके आणि वर शीट. सलग रेघ ओढायची नाही. स्क्रू शीटमध्ये कधीच मारायचा नाही.
सिलिकॉन न्यूट्रल क्युअरचं घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिटिक असतं, ते धातूला गंजवतं. आपल्या किनाऱ्यावर त्यात आणखी भर नको.

घाटमाथा
+१. शीटचा हिशोबही आधी करून घ्या. नेहमीचं माप ३६८० × ७६० मिमी, जाडी १२. एका शीटचं वजन ५७ किलोच्या आसपास भरतं.
७६० ची रुंदी वाया घालवू नका. ६१० ओट्याला, १०० मागच्या पट्टीला, ४० पुढच्या कडेला, अधिक दोन काप प्रत्येकी ३ मिमी. झाले ७५६. एका रुंदीत तिन्ही बसतात.
तुमच्या मापात लांब बाजू ३०५० मिमी. आखूड बाजू २१३५, त्यातून कोपऱ्याचे ६१० वजा, राहिले १५२५. एकूण ४५७५. म्हणजे एका शीटमध्ये होत नाही, दुसरी लागते आणि तिची बरीचशी उरते. काही विक्रेते अर्धी शीट देतात, विचारून बघा. दोन शीट घेतल्या तर मागच्या बाजूला छापलेला बॅच नंबर एकच असायला हवा. बॅच बदलला की पांढऱ्यातही फरक पडतो आणि मग न दिसणारा सांधा ठळक दिसतो.
आणताना शीट उभी, कडेवर, लाकडी घोडीला बांधून आणा. टेम्पोत आडवी टाकून घाट उतरवली की प्रत्येक खड्ड्याला ती उसळते. कडेला केसाएवढी चीर गेली तर ती तेव्हा दिसत नाही, महिन्यांनी उघडते.

कातळशिल्प
मला एक कळत नाही. आपल्याकडे काळा ग्रॅनाइट मिळतो, त्यावर तापलेला टोप ठेवा, नारळ फोडा, काही होत नाही. तरी हा प्लास्टिकचा खटाटोप कशाला? ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. कुकरच्या आत १२० अंश असतात. बिडाचा तवा तर २०० च्या वर. घावणे काढून झाल्यावर तवा बाजूला उतरवला की ओट्यावर गोल डाग पक्का. कोकणातल्या स्वयंपाकाला दगडच हवा.

आगळवेगळी
कातळशिल्प, उष्णतेबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. पण ओट्यावर फक्त शेगडी नसते ना. सिंकपाशी बघा: ग्रॅनाइट आणि सिंकच्या मधली रेघ पांढऱ्या सिमेंटने भरतात, दोन पावसाळ्यांत ती काळी पडते, मासे धुतलेलं पाणी तिथे मुरतं. सॉलिड सरफेसमध्ये सिंक खालून बसतो, कड गुळगुळीत गोल, हाताने सगळं आत ओढता येतं. मागची पट्टीसुद्धा गोलाई देऊन ओट्याशी एकजीव होते, भिंतीच्या कोपऱ्यात घाण साचायला जागाच राहत नाही. मासळीच्या घरात याची किंमत मोठी आहे.
चरे आणि डाग तर घासून जातात. ग्रॅनाइटचा टवका उडाला की तो कायमचा.

खाडीपलीकडे
क्वार्ट्झचा विचार केला का? त्याचे रंग छान असतात.

रंधापटाशी
क्वार्ट्झ म्हणजे दगडाची पूड रेझिनने (प्लास्टिकसारख्या डिंकाने) बांधून केलेली फळी, त्यामुळे तापलेलं भांडं तिथेही चालत नाही. उन्हात काही रंग पिवळे पडतात. आणि कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिराच्या फुप्फुसात कायमची बसते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या कृत्रिम दगडावर बंदीच घातली ती यामुळे. आपल्याकडे पाणी न मारता, मास्क न लावता अंगणात कटर चालतो, तेव्हा घर कोणाचंही असो, हे बघायला हवं. ॲक्रिलिक शीटच्या धुळीत ती सिलिका नसते. तरीही मास्क आणि धूळ ओढणारं मशीन लावायचंच, कारण इतक्या बारीक धुळीने दम लागतोच.

हापूसनंतर
गणपतीआधी चावी हातात, हे वाक्य कोकणातला प्रत्येक सुतार दरवर्षी बोलतो. वर्ष कुठलं ते सांगत नाही. :)

चिरेबंदी
हाहा. खरंय. पण त्यावरूनच विचारते, पावसात हे काम करावं का?

घाटमाथा
शीट बसवायला पाऊस अडत नाही, सांधा जोडायला अडतो. सांध्याचा डिंक दोन भागांचा असतो, १० ला १ प्रमाणात, बंदुकीने एकत्र बाहेर येतो. कडेवर ओल असेल तर सांधा कच्चा राहतो, पांढुरका दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये करायचंच असेल तर शीट आधी एक दिवस त्याच खोलीत सपाट ठेवा, म्हणजे खोलीचं आणि शीटचं तापमान एक होतं आणि गार शीटवर दव धरत नाही. जोडण्याआधी दोन्ही कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पांढऱ्या कपड्याने पुसा. रंगीत कपडा नको, रंग सुटून सांध्यात उतरतो. पुसल्यानंतर बोट लावायचं नाही. थिनर तर नकोच.
उन्हाळ्यात उलटी अडचण. नेहमीच्या हवेत पाऊण तासात सुकणारा डिंक एप्रिलच्या दुपारी हातात असतानाच घट्ट होतो. तेव्हा सांधा सकाळी लवकर. ट्यूबवरची मुदत वाचा, आणि ती टेम्पोच्या केबिनमध्ये उन्हात तापलेली नसावी.

रंधापटाशी
सांध्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण शंभर तक्रारींतल्या बहुतेक इथून किंवा शेगडीच्या भोकातून निघतात.
कडा राउटरने (फिरत्या पात्याच्या हातातल्या मशीनने) कापायच्या, कार्बाइडच्या पात्याने. आरशासारख्या जुळल्या पाहिजेत, कोरड्या ठेवून बघायच्या. दोन्ही तुकड्यांच्या बाजूला गरम गोंदाने लाकडी ठोकळे चिकटवायचे आणि क्लॅम्प त्या ठोकळ्यांना लावायचे. खाली प्लास्टिकची टेप, म्हणजे डिंक चौकटीला चिकटत नाही. दोन तुकड्यांत ३ मिमी फट ठेवून डिंक भरायचा, मग हळू जवळ आणायचं. इथे जोर लावायची हौस असते. क्लॅम्प करकचून आवळला की सगळा डिंक बाहेर, आत काही उरत नाही, सांधा उपाशी राहतो. हलक्या दाबाने वर सलग मणी उभा राहिला की पुरे.
तो बाहेर आलेला मणी पुसायचा नाही. सुकताना डिंक आत बसतो, पुसला तर तिथे खळगा पडतो. नख रुतेनासं झालं की मगच मणी काढायचा, तोही राउटर पट्ट्यांवर उचलून धरून किंवा सॅन्डरने. पटाशी मारली की शीटचा टवका घेऊनच येते.
खालून सांध्यावर त्याच शीटची १०० मिमी रुंद पट्टी चिकटवायची. ती नसेल तर सांधा फक्त डिंकावर उभा असतो.

बाराइंची
आणि ४५ अंश?

रंधापटाशी
एलच्या आतल्या कोपऱ्यात सगळा ताण एका बिंदूवर येतो. ४५ चा सांधा नेमका त्या बिंदूतून निघतो. म्हणजे कमकुवत जागा आणि ताणाची जागा एक झाली. त्याऐवजी लांब तुकड्यालाच कोपऱ्यापुढे, आखूड बाजूच्या दिशेने, ७५ मिमीची जीभ (पुढे आलेला भाग) ठेवायची, आतला कोपरा किमान १२ मिमी त्रिज्येने गोल करायचा आणि सरळ सांधा त्या जिभेच्या टोकाला घ्यायचा. सिंकच्या भोकापासूनही सांधा किमान ७५ मिमी लांब.

निवांतवेंगुर्ला
नारळ ओट्यार फोडू नको गो बाय, पायरीर फोड! आडाळो (विळी) पण खालीच बरो.

आगळवेगळी
निवांतवेंगुर्ला यांनी एका ओळीत महत्त्वाचं सांगितलं. १२ मिमीची शीट मधल्या मोकळ्या भागावर मार खात नाही. कोयत्याने नारळ, खेकड्याची नांगी, वरवंटा, हे सगळं दगडावर.
डागांचं सांगते. हळद लगेच पुसली तर जाते. राहिलीच तर साबण लावल्यावर लाल होते, घाबरू नका, घासणीने गोल गोल फिरवून जाते आणि उरलेला रंग उजेडात फिका पडतो. आमसुलाचा, आगळाचा रंग साबणाने निळसर-करडा होतो, तोही वरवरचा. हट्टी डागाला ब्लीच पाण्यात अर्धंअर्ध करून काही मिनिटं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचबरोबर संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन सुटतो.
फणसाचा चीक खोबरेल तेलाने काढा. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर ओट्याजवळ आणायचे नाहीत, ॲक्रिलिक विरघळतं. ओले काजू सोलताना खाली जाड कागद, कारण त्या टरफलाच्या तेलाने हात भाजतो, ओट्यावर तो प्रयोग कशाला.
काळा, गडद निळा असे रंग टाळा. चरा पडला की आत पांढुरका दिसतो आणि पाण्यातला क्षार त्यावर उठून दिसतो. फिका, ठिपक्यांचा रंग, मॅट फिनिश. चकचकीत फिनिश पहिल्या आठवड्यातच उतरते.

सोलकढी
आगळवेगळीताई, भात वेळून पेज सिंकमध्ये ओतली तर? त्याच शीटचा पांढरा सिंक फार सुंदर दिसतो, तो घ्यायचा मोह होतोय.

आगळवेगळी
रोज उकळती पेज ओतणार असाल तर तो सिंक नको. उकळतं पाणी एकदम गार सिंकवर पडलं की तो सारखा फुगतो-आकसतो आणि जाळीभोवती चिरा सुरू होतात. ओततानाच नळ गार पाण्याने सोडून ठेवला तर चालतो, पण घरातल्या प्रत्येकाने ते दरवेळी लक्षात ठेवायचं म्हणजे अवघड. ३०४ ग्रेडचा स्टीलचा सिंक, शीटच्या खालून बसवा. वरच्या सलग कडेचा फायदा तोच मिळतो.

खाडीपलीकडे
खाऱ्या हवेचं कोणी लिहिलं नाही अजून.

घाटमाथा
शीटला खाऱ्या हवेचं काही होत नाही. होतं ते तिच्या खालच्या सगळ्याला. कपाटाचा सांगाडा आयएस ७१० शिक्क्याच्या (मरीन) प्लायचा घ्या. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) प्लाय सिंकखाली पुरत नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड किनारपट्टीवर नकोच, कडेने पाणी पितात आणि फुगतात. कापलेली प्रत्येक कड, सिंकच्या पाइपाचं भोकसुद्धा, सील करायची. सांगाडा जमिनीवर न टेकवता १०० मिमीच्या प्लास्टिक पायांवर, म्हणजे फरशी धुतलेलं पाणी आणि वाळवी दोन्ही खालून दिसतात. बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ स्टीलचे. घर अगदी लाटांच्या तोंडावर असेल तर स्क्रू ३१६ चे बघा. साध्या मुलामा दिलेल्या बिजागऱ्या लवकर तांबूस होतात.
जांभ्याच्या भिंतीबद्दल आणखी: पावसाळ्यात भिंत पाझरत असेल तर आधी ती बाहेरून बंद करा. कपाटाची मागची बाजू भिंतीपासून १५-२० मिमी सुटी ठेवा. आणि जांभ्याची भिंत गिलावा करूनही सरळ नसते, दहा फुटांत अर्धा इंच पोट सहज असतं. सुताराला गुण्या लावून कोपरा मोजायला सांगा, ९० अंश गृहीत धरून शीट कापली की संपलं. पातळ प्लायचा किंवा पुठ्ठ्याचा साचा जागेवर काढून त्यावरूनच शीट कापायची.

कातळशिल्प
एवढं सगळं वाचून माझं मत अर्धं बदललं. अर्धं यासाठी, की शेगडीखाली मी अजूनही दगडच सांगेन. मग दोन्ही का नाही? शेगडी आणि वाटण-खोवण्याचा भाग काळ्या ग्रॅनाइटचा, बाकी सॉलिड सरफेस.

घाटमाथा
कातळशिल्प, ही सूचना सोन्याची आहे, आणि हिशोबही तेच म्हणतो. लांब बाजूच्या टोकाला ४ फूट (१२२० मिमी) ग्रॅनाइट धरा. लांब बाजूचे राहिले १८३०, त्यात कोपरा आला. रंधापटाशींची ७५ ची जीभ धरली तर आखूड बाजूचा तुकडा १५२५ वजा ७५, म्हणजे १४५०. दोन्ही मिळून ३२८०. एका ३६८० च्या शीटमध्ये बसलं, वर काप जाऊन ३९५ च्या आसपास उरतं! दुसरी शीट वाचली, बॅच नंबरची काळजीही गेली.
जिभेपाशी शीटचे ६८५ मिमी जातात, तेवढ्या लांबीत मागची १०० ची पट्टी निघत नाही. पट्टी एकूण ३९६५ लागते (१८३० अधिक २१३५). सरळ तुकड्यांतून १२२० अधिक १४५०, म्हणजे २६७० मिळते. कमी पडलेले १२९५ उरलेल्या तुकड्यातून: त्यातून ७६० लांबीच्या तीन पट्ट्या निघतात. दोन मागे लागतात, तिसरी कोपऱ्याच्या सांध्याखाली.

बाराइंची
व्वा. हे कागदावर काढून सुताराच्या हातात द्या.

रंधापटाशी
दगड आणि शीट यांच्या जोडात डिंक नाही. ३ मिमी फट आणि जुळत्या रंगाचं सिलिकॉन, कारण दगड फारसा हलत नाही, शीट हलते. ग्रॅनाइट १८ मिमीचा असतो, शीट १२ ची, त्यामुळे शीटच्या चौकटीला ६ मिमीची पट्टी जास्त द्या म्हणजे वरून पातळी एक येते. दगडाला आधार दगडासारखाच भक्कम हवा, तो पट्ट्यांच्या हलक्या चौकटीवर टेकवू नका.
शेगडीची कड जोडापासून किमान ६ इंच आत ठेवा. मोठा टोप किंवा मोदकपात्र शेगडीच्या बाहेर पसरतं आणि त्याच्या बुडाची आच खाली-बाजूला फेकली जाते.
पुढच्या कडेला ३-४ मिमीचा उठाव करून घ्या, पाणी अंगावर ओघळत नाही. ४० मिमीची कड चिकटवताना दर दोन-तीन इंचांवर क्लॅम्प लागतो. इतके क्लॅम्प कोणाकडे नसतात, तेव्हा जाड पीव्हीसी पाइपाच्या दोन इंची चकत्या कापून एका बाजूने चिरायच्या, उत्तम चिमटे होतात.

हापूसनंतर
स्वस्तातली शीट ओळखायची कशी? देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघतो तसं इथेही होत असेलच.

घाटमाथा
होतं. दोन प्रकारे. ॲक्रिलिकऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरतात. ती शीट जास्त ठिसूळ, उन्हात पिवळी पडते. कापताना फायबरच्या होडीच्या कामात येतो तसा उग्र स्टायरीनचा वास येतो. दुसरं म्हणजे ॲल्युमिनियम ट्रायहायड्रेटऐवजी चुनखडीची पूड भरतात. त्याची परीक्षा सोपी: नमुन्याचा तुकडा मागा, ताज्या कापलेल्या कडेला घासकागद मारा, वर संडास धुण्याच्या ॲसिडचा एक थेंब. बुडबुडे फसफसले तर आत चुना आहे. असा ओटा लिंबू, कोकम आणि व्हिनेगरपुढे हळूहळू निस्तेज होतो. परीक्षा घराबाहेर, हातमोजे घालून.

खाडीपलीकडे
जुन्या कडप्प्यावरच नवीन शीट टाकली तर चालेल का? तोडफोड वाचेल.

रंधापटाशी
चालतं, पण सरळ चिकटवून नाही. कडप्पा क्वचितच लेव्हलला असतो. त्यावर तीच पट्ट्यांची चौकट, खाली पॅकिंग. एवढ्याने ओटा सव्वा इंच वर जातो, तेव्हा उंचीचा विचार आधी करा. साधारण ३२ ते ३४ इंच बरी पडते, स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली.

चिरेबंदी
सगळ्यांचे मनापासून आभार. कडप्पा काढायचा, ४ फूट ग्रॅनाइट, बाकी एक शीट, स्टीलचा सिंक, पट्ट्यांची चौकट, हे ठरलं. सांधा नवरात्रानंतर, पाऊस गेल्यावर. शेवटचा प्रश्न: शेगडी बाहेरची ठेवू की ओट्यात बसणारा हॉब घेऊ? आणि घासून चकाकी परत आणायचं काम घरी जमतं का?

आगळवेगळी
घासणं जमतं. बारीक चऱ्याला हिरवी घासणी आणि घासायची पावडर, ओल्या ओट्यावर, हलक्या हाताने. खोल चरा असेल तर १८०, २४०, ३२० असा घासकागद क्रमाने आणि शेवटी लाल-तपकिरी घासणी. एकाच जागी रेटू नका, आजूबाजूचा हातभर भाग घ्या, नाहीतर बशीसारखा खळगा पडतो.

रंधापटाशी
बाहेरची शेगडी ठेवा. भोक नाही तर भोकाची तडही नाही. उद्या कोणी सॉलिड सरफेसमध्येच हॉब बसवणार असेल त्यांच्यासाठी: भोक राउटरने, कोपरे किमान १० मिमी गोल, आतली कड घासून गुळगुळीत. जिगसॉने कापलं की बारीक दाते राहतात आणि चीर तिथूनच चालू लागते. कोपऱ्यांखाली त्याच शीटचे ठोकळे, हॉबभोवती ३ मिमी मोकळं आणि कडेवर ॲल्युमिनियमची उष्णतारोधक टेप दोन्ही बाजूंना दुमडून. हॉब प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय भोक कापू देऊ नका, पुस्तिकेतलं माप आणि आलेला माल यात फरक निघतो.

घाटमाथा
गॅसच्या नळीचं भोक ग्रॅनाइटमध्येच घ्या, ४० मिमीचं, कड गोल करून, नाहीतर नळी घासते. सिलिंडर ओट्याखाली बंद कपाटात असेल तर त्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, वरच्या जाळीने बाहेर पडत नाही.

चिरेबंदी
हे सुताराला आजच सांगते. त्याने खालची फळी सलग धरली होती.